कानांवरची बंदी आणि इंग्रजीचे ऐकणे

इंग्रजीचा प्रश्न आपल्याकडे नेहमी डोळ्यांचा आणि हाताचा प्रश्न म्हणून मांडला गेला. किती मुलांना वाचता येते, किती मुलांना लिहिता येते, किती मुले व्याकरणात नापास होतात, याची चर्चा शिक्षणखात्यापासून वसतिगृहाच्या ओट्यापर्यंत सर्वत्र चालते. पण इंग्रजी ऐकून किती मुलांना कळते, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. भाषा आधी कानात जाते आणि मग जिभेवर येते, हे मायबोलीच्या बाबतीत आपण सारेच मान्य करतो. परक्या भाषेच्या बाबतीत मात्र कानाला शाळेच्या दाराबाहेर उभे करण्यात आले. हे कसे घडले, कुणाच्या सोयीने घडले आणि त्याची किंमत कुणी मोजली, याचा इतिहास तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मीच. २००० सालच्या जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू केले, त्या वर्षी मी पाचवीत होतो; म्हणजे जुन्या पद्धतीप्रमाणे पाचवीत एबीसीडी गिरवणारी आमची जवळजवळ शेवटची पिढी. आज माझ्यासमोर बसणारी मुले पहिलीपासून इंग्रजी शिकून आलेली आहेत. बारा वर्षे इंग्रजी शिकलेली ही मुले इंग्रजीतला एक साधा उतारा वाचून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे देतात. तोच उतारा त्यांच्यासमोर न ठेवता मी नुसता वाचून दाखवला, की वर्ग गप्प होतो. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी मला म्हणाली, "सर, कागदावर दिसलं तर कळतंय. तुम्ही बोलता ते पळून जातंय." तिच्या या वाक्यात माझ्या मते आपल्या शिक्षणाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास साठलेला आहे.

तो इतिहास इंग्रजांपासून सुरू होत नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. या देशात ज्ञान हे मुळात ऐकण्याचे होते. वेदाला श्रुती म्हणतात, ती याच अर्थाने. आणि ज्ञान कानातून जात होते म्हणूनच बंदीही कानावर घातली गेली. गौतम धर्मसूत्राने शूद्राने जाणूनबुजून वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळवलेले कथील किंवा लाख ओतावी, अशी शिक्षा सांगितली. ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना शंकराचार्यांनी हाच आधार घेऊन शूद्राचा श्रवणाचा अधिकार नाकारला. शिक्षा प्रत्यक्षात किती वेळा झाली, याचा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. नियम कोणत्या अवयवासाठी केला गेला, हे महत्त्वाचे आहे. डोळा झाकला तरी माणूस ऐकतो, भिंतीआड बसला तरी ऐकतो. म्हणून वर्णव्यवस्थेला सर्वांत मोठे भय कानाचे वाटले.

याच्या अगदी उलट परंपरा याच भूमीत होती. बुद्धाचा उपदेश कित्येक पिढ्या ऐकून आणि पाठ करून टिकवला गेला. सुत्तांचा आरंभच 'मी असे ऐकले आहे' या अर्थाच्या शब्दांनी होतो. तेथे ऐकणाऱ्याची जात विचारली गेली नाही. न्हावी असलेला उपाली विनयाचा सर्वांत मोठा जाणकार ठरला, तो ऐकण्याची मुभा मिळाली म्हणून. तेव्हा कानाच्या बाबतीत या देशात दोन परंपरा आहेत. एक कान बंद करणारी आणि एक कान उघडणारी. इंग्रजी शिक्षण आले तेव्हा ते यांपैकी कोणत्या परंपरेच्या ताब्यात गेले, हा खरा प्रश्न आहे.

मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. राज्यकर्ते आणि कोट्यवधी प्रजा यांच्यामध्ये दुभाषाचे काम करील असा एक वर्ग तयार करावा, अशी त्याची कल्पना होती. दुभाषाला सर्वांत आधी कान लागतो. पण प्रत्यक्षात जे शिक्षण उभे राहिले त्याने दुभाषे थोडे आणि कारकून फार तयार केले. कारकुनाला साहेबाचे बोलणे पुरते कळले नाही तरी चालते, साहेबाचा कागद कळला पाहिजे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्यानंतर इंग्रजी येणे म्हणजे इंग्रजीचा पेपर पास होणे, हे समीकरण आपल्या समाजात पक्के होत गेले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही त्या काळाची खरी गुरू. मराठी वाक्य घ्यायचे, त्याचे इंग्रजी करायचे. इंग्रजी वाक्य घ्यायचे, त्याचे मराठी करायचे. हजारो घरांत या पुस्तकाने इंग्रजी पोचवली, हे ऋण नाकारता येत नाही. पण ती इंग्रजी मुकी होती. तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

आणि हे मुके शिक्षणसुद्धा कुणाला मिळाले? वरच्या वर्गांना आधी शिकवावे, तेथून ते खाली झिरपेल, या सिद्धान्तावर मुंबई इलाख्याचे शिक्षण चालले. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व जाहीर झाले, पण तत्त्व दप्तरात राहिले आणि अस्पृश्य मुले व्हरांड्यात राहिली. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात या साऱ्या इतिहासाची कागदोपत्री मांडणी आहे. कार्यकर्त्यांनी ते निवेदन पुन्हा वाचावे.

व्हरांड्यात बसलेल्या मुलाच्या कानाचा विचार आपण कधी केला आहे काय? आत मास्तर बोलतो आहे. शब्द दारातून, खिडकीतून येतात. अर्धे येतात, अर्धे आतल्या मुलांच्या गोंगाटात विरतात. आतल्या मुलाला कळले नाही तर तो हात वर करतो. बाहेरच्या मुलाने हात वर केला तर तो कुणाला दिसत नाही. दिसला तरी मास्तर जवळ येत नाही. फळा लांबून दिसतो, पाटी आपल्या हातात असते, पुस्तक दुरून फेकले तरी झेलता येते. म्हणजे अस्पृश्यता पाळूनही डोळ्यांना थोडेबहुत शिकवता येते. कानाला मात्र जवळीक लागते. बोलणारा माणूस समोर लागतो, त्याचे ओठ दिसावे लागतात, न कळलेले पुन्हा विचारण्याचा हक्क लागतो. म्हणूनच मी म्हणतो, ऐकून समजणे हा केवळ भाषाशास्त्राचा प्रश्न नाही. तो कुणाला कुणाजवळ बसू दिले, याचा प्रश्न आहे.

आपल्या लोकांनी इंग्रजी ऐकली ती शाळेत नव्हे, पलटणीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई होते. साहेबाच्या बंगल्यावर, छावणीत, पुढे गोदीत आणि रेल्वेत आपली माणसे होती. त्यांनी इंग्रजी वाचली नाही, ऐकली. त्या ऐकण्याच्या खुणा अजून भाषेत आहेत. पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर' या ललकारीचे 'हुकुमदार' झाले. ऑर्डर्लीचा अर्दली झाला, लॉर्डसाहेबाचा लाटसाहेब झाला. शिकलेली माणसे या शब्दांना हसतात. हसण्याचे कारण नाही. 'हुकुमदार' हा शब्द कान कसा काम करतो, याचा उत्तम पुरावा आहे. ऐकणाऱ्याने अनोळखी आवाजाची ओळीने नोंद केली नाही. आपल्या भाषेतले 'हुकूम' आणि 'दार' हे ओळखीचे तुकडे शोधून त्यांतून अर्थ उभा केला. आणि पहाऱ्याचे काम त्याने बिनचूक केले. जगातला प्रत्येक माणूस परकी भाषा याच रीतीने ऐकतो.

१८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. या बंदीने पोटावर पाय आला, हे आपण नेहमी सांगतो. पण आणखी एक गोष्ट गेली. इंग्रजी कानावर पडण्याची आपल्या समाजाची सर्वांत मोठी जागा गेली. सुभेदार रामजी सकपाळ लष्कराच्या शाळेत मुख्याध्यापक होते; त्यांनी आपल्या मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची पाठमाला घोटून घेतली. लष्कर नसते तर हा बाप घडला नसता. लष्कर बंद झाल्यावर असे आणखी किती बाप घडायचे राहिले, याचा हिशेब इतिहासात नाही.

येथे कागदाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. महात्मा फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि टॉमस पेनचा ग्रंथ त्यांच्या हाती पडला. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त शूद्रातिशूद्रांसाठी इंग्रजीची महती गायिली. १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली तेव्हा जोतीरावांनी तिला इंग्रजी प्रस्तावना जोडली, आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढे इंग्रजीत निवेदन दिले. छापील पुस्तक वाचणाऱ्याला जात विचारीत नाही. जेथे माणसे जवळ घेत नव्हती तेथे पुस्तकाने जवळ घेतले. आपल्या चळवळीचा जन्म वाचनातून झाला, म्हणून वाचनाविषयी आपल्याला जी भक्ती आहे ती योग्यच आहे. परंतु वाचन आपल्या वाट्याला आले याचे एक कारण ऐकणे आपल्याला नाकारले गेले हेही आहे. आणि नाकारलेल्या गोष्टीवरचा हक्क सोडून देणे हे काही आपल्या चळवळीचे धोरण नाही.

बाबासाहेबांचे आयुष्य या दृष्टीने पाहावे. साताऱ्याच्या शाळेत ते वर्गाच्या कडेला, घरून नेलेल्या तरटावर बसले. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात ते फळ्याकडे निघाले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुले धावली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ साली बी.ए. झाले. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. तेथे ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन यांची व्याख्याने त्यांनी इतर विद्यार्थ्यांच्या बरोबरीने, त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून ऐकली. आपल्या आयुष्यातले उत्तम मित्र म्हणजे कोलंबियातले काही सहाध्यायी आणि हे थोर अध्यापक, असे त्यांनी १९३० साली लिहिले आहे. मित्रत्व आणि ऐकणे या दोन गोष्टी या नोंदीत एकत्र आल्या आहेत. तरटावर बसून पुस्तके वाचता आली. पण मोकळेपणाने ऐकणे आणि विचारणे बरोबरीच्या बाकावर बसल्यावरच झाले.

आता दुसऱ्या बाजूला राज्यकर्ते काय करीत होते ते पाहा. केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. पहिल्या वर्षी तीनच उमेदवार बसले. त्या परीक्षेत भाषांतर होते, निबंध होता. पण त्याबरोबर श्रुतलेखन होते, उच्चारशास्त्र होते, संभाषणही होते. म्हणजे इंग्रजी येणे म्हणजे ऐकू येणेसुद्धा, हे इंग्रजांना ठाऊक होते. हॅरल्ड पामर या इंग्रज भाषाशिक्षकाने १९२० च्या दशकात जपानमध्ये राहून आधी कान, मग जीभ, मग डोळा असा क्रम आग्रहाने मांडला. त्याच दशकात ढाक्याला मायकेल वेस्ट काम करीत होता. त्याने १९२६ साली बंगालमधील द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहिला आणि निष्कर्ष काढला की बंगाली मुलाला इंग्रजीची गरज मुख्यतः वाचण्यासाठी आहे. बहुसंख्य मुले मध्येच शाळा सोडतात, तेव्हा त्यांच्या हाती निदान वाचन तरी लागावे, असा त्याचा युक्तिवाद होता. वेस्ट हा दुष्ट माणूस नव्हता; त्याच्या युक्तिवादात गरीब मुलाविषयी कळकळ होती. पण परिणाम पाहा. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात होती, ज्यांचे बाप साहेबाशी हस्तांदोलन करीत होते, त्यांच्या मुलांना कानाची इंग्रजी आपोआप मिळाली. बाकीच्यांना 'तुमच्या गरजेपुरती' म्हणून डोळ्यांची इंग्रजी मिळाली. गरज कुणी ठरवली, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर ही फट बुजली नाही, रुंदावली. मुंबई सरकारने शाळांतून इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण घेतले. मायबोलीचा मान वाढावा हा हेतू वाईट नव्हता. परंतु त्याच वेळी इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालूच होत्या आणि ऐपतदार लोकांची मुले तेथे जात होती. जानेवारी १९५४ मध्ये सरकारने हुकूम काढला की अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना या शाळांत नव्याने घेऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या निमित्ताने प्रकरण कोर्टात गेले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द ठरवला. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्य होता. समाजाच्या दृष्टीने त्यानंतर चित्र असे उरले, की पैसेवाल्याचे मूल शिशुवर्गापासून दिवसाचे पाच तास इंग्रजी ऐकत होते आणि झेडपीच्या शाळेतले मूल आठवीत गेल्यावर पहिल्यांदा इंग्रजी पाहत होते. पाहत होते, ऐकत नव्हते. कारण त्याचा मास्तरही पाहूनच शिकलेला होता. १९५८ साली हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली, ध्वनिशास्त्राचे चांगले काम झाले. पण ध्वनिफिती आणि प्रयोगशाळा वाडीवस्तीच्या शाळेपर्यंत पोचल्या नाहीत.

मग ऐकताना नेमके अडते काय? हे शिक्षकांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण 'मुलांचे इंग्रजी कच्चे आहे' असे म्हणून भागत नाही.

पहिली गोष्ट अशी की कागदावर दोन शब्दांत मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. 'अॅन अॅपल' हे कानाला 'अनॅपल' असे एकच ऐकू येते. दुसरी गोष्ट ठेक्याची. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि आजूबाजूची अक्षरे चेपली जातात. आपण 'कम्फर्टेबल' असा शब्द शिकतो, कानावर येतो 'कम्फ्टबल'. 'फोटोग्राफ' ओळखीचा असतो, पण 'फटॉग्रफर' आला की जोर सरकलेला असतो आणि ओळखीचा शब्द परका होतो. तिसरी गोष्ट म्हणजे 'अँड', 'ऑफ', 'फॉर', 'कॅन' असले लहान शब्द बोलताना जवळजवळ नाहीसे होतात. 'अँड'चा नुसता 'न्' उरतो. आणि नेमक्या याच शब्दांवर वाक्याचा सांधा असतो. चौथी गोष्ट, इंग्रजीत दोन निराळे असलेले 'व' आपल्या कानाला एकच वाटतात.

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. आपला कान शेवटाची वाट पाहतो. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येऊन निघूनही जाते. त्यातच पाठमालेने लावलेली सवय अशी की ऐकलेले वाक्य मनात मराठी करून मगच पुढे जायचे. पहिल्या वाक्याचे मराठी होईपर्यंत बोलणारा तिसऱ्या वाक्यावर गेलेला असतो. वाचणाऱ्याला मागे जाता येते, ऐकणाऱ्याला येत नाही. माझी विद्यार्थिनी 'पळून जातंय' म्हणाली ते याच अर्थाने. तिची बुद्धी कमी पडत नव्हती. तिला वेळ कमी पडत होता.

आणि येथेच हा प्रश्न जिवावरचा होतो. आपला मुलगा मोठ्या शहरातल्या संस्थेत जातो. व्याख्यान भराभर इंग्रजीत चालते. त्याला अर्धे कळत नाही. तो हात वर करीत नाही, कारण राखीव जागेवर आलेला म्हणून त्याच्याकडे आधीच बोट दाखवलेले असते. तो 'येस सर' म्हणतो आणि खोलीवर येऊन रात्रभर पुस्तक वाचतो. त्याच्या गप्प बसण्याला 'गुणवत्ता नाही' असे नाव दिले जाते. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीचा अहवाल प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ साली दिला. तो वाचला म्हणजे व्हरांडा संपला नाही, त्याला फक्त काचा बसवल्या, असे वाटू लागते. कानाच्या अडचणीला डोक्याची अडचण समजणे हा आजच्या गुणवत्तावाद्यांचा मोठा लबाडीचा व्यवहार आहे.

परदेशी जाणाऱ्या मुलांचेही तेच. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. बाबासाहेबांच्या वाटेने जाण्याची स्वप्ने पाहणारी मुले खेड्यापाड्यांत आहेत. पण बाहेरची विद्यापीठे आयेल्ट्‌ससारख्या परीक्षेचे गुण मागतात. तिच्यात ऐकण्याची स्वतंत्र चाचणी असते. सुमारे अर्ध्या तासात चाळीस प्रश्न, आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. बारा वर्षांच्या शालेय शिक्षणात ज्या अवयवाची कुणी दखल घेतली नाही, त्याची परीक्षा त्या अर्ध्या तासात होते. इकडे आपल्या दहावीत भाषेचे तोंडी, श्रवण आणि स्वाध्याय यांचे वीस गुण असतात. ते २०१९ च्या परीक्षेला काढून टाकले आणि ओरड होताच पुढच्या वर्षी परत आणले. ते गुण असावेत की नसावेत, एवढाच वाद झाला. मुलाला खरोखर काही ऐकवले जाते काय, हे कुणी विचारले नाही.

यावर उपाय नाही असे नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेतून एक प्रयोग केला. कर्नाटक-तमिळनाडूतल्या साध्या शाळा, प्रादेशिक माध्यमाची मुले, भरलेले वर्ग, साधन म्हणजे फळा, खडू आणि शिक्षकाचा आवाज. व्याकरणाचा पाठ न देता शिक्षक मुलांपुढे एखादे काम ठेवी: रेल्वेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, त्यावरून काढायचे उत्तर. बोलणे इंग्रजीत चाले, पण मुलांनी लगेच बोलावे असा हट्ट नसे. आधी ऐकावे, समजून काम करावे, एवढेच. यंत्रावाचूनही कान तयार करता येतो, हे या प्रयोगाने दाखवले. आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयांतून ही हकिगत शिकवली पाहिजे.

शिवाय आपला समाज कानाने दुबळा नाही. उलट आपली सारी चळवळ ऐकण्यावर उभी राहिली. ज्यांना अक्षर येत नव्हते अशा लाखो लोकांनी बाबासाहेबांची भाषणे ऐकली आणि गावोगाव जाऊन सांगितली. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी लोकांनी ऐकून पाठ केली. माझ्या आईला वाचता येत नाही, पण रात्रभर चाललेल्या गायनपार्टीतले गाणे तिला दुसऱ्या दिवशी खुरपताना कडव्यानिशी येते. हा कान आपल्या घरात आहे. तो इंग्रजीकडे वळवायचा आहे, इतकेच.

म्हणून शिक्षकमित्रांना आणि वसतिगृहांतल्या कार्यकर्त्यांना काही सुचवतो. रोज दहा मिनिटे पुस्तक मिटून ऐकायचे. आधी ऐकायचे, मग पाहायचे. शिक्षकाने स्वतःच्या तोंडाने वाचावे. आपले उच्चार लंडनचे नाहीत म्हणून लाजू नये. मुलांना पहिल्यांदा कळेल असा आवाज त्यांच्याच मास्तरचा असतो, आणि तेथून लांबच्या आवाजाकडे जाता येते. ऐकलेल्याचे मराठी करायला सांगू नये. ऐकून नकाशावर खूण करणे, तक्ता भरणे, दोन चित्रांतले एक निवडणे असे काम द्यावे. उतारा ओळखीच्या विषयाचा घ्यावा. ज्याला विषय ठाऊक आहे त्याला निसटलेला शब्द अंदाजाने भरता येतो. वरच्या वर्गातल्या मुलांचे अर्धे 'चांगले इंग्रजी' हे या ओळखीतून आलेले असते. पुण्याच्या कराराविषयी आपल्या मुलांना इतिहास ठाऊक आहे. बाबासाहेबांची १९५५ साली बीबीसीने ध्वनिमुद्रित केलेली इंग्रजी मुलाखत आज फोनवर मिळते. ती चार-चार मिनिटांचे तुकडे करून वसतिगृहात एकत्र बसून ऐकावी. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा टिपणे घेत, तिसऱ्यांदा आपसात ताडून पाहत. आपल्या माणसाचा इंग्रजी आवाज ऐकून मुलांच्या मनातली इंग्रजीची भीती कशी उतरते, हे मी माझ्या वर्गात पाहिले आहे.

आणि शेवटी सर्वांत साधे पण सर्वांत अवघड काम. 'पुन्हा सांगा' असे म्हणण्याचा मुलांना सराव करून द्यावा. मराठीत, इंग्रजीत, मोठ्याने, भर वर्गात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी व्हरांड्यातल्या पोराला हे वाक्य उच्चारता आले नाही. आज तोच पोर वर्गात आत बसलेला आहे, फी भरून, यादीत नाव असलेला. न कळलेले पुन्हा ऐकण्याचा त्याचा हक्क आहे, आणि शिकवणाऱ्याने ते पुन्हा सांगितलेच पाहिजे.